दूरची याने आणि न ऐकू आलेल्या लहरी



विज्ञानाच्या इतिहासात यशस्वी प्रयोगांची वर्णने विपुल आढळतात. ज्या प्रयोगांच्या अखेरीस अपेक्षित वस्तू हाती लागली नाही, त्यांची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय असाच एक प्रयोग आहे. २००१ सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून २००२ च्या जानेवारीच्या आरंभापर्यंत, सुमारे चाळीस दिवस, शनीच्या वाटेवर असलेल्या ‘कॅसिनी’ या यानाशी रेडिओ-संकेतांची देवाणघेवाण करून गुरुत्वीय लहरींचा शोध घेण्यात आला. लहरी सापडल्या नाहीत. मग ते श्रम व्यर्थ गेले असे म्हणावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या प्रयोगामागील कल्पना नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

न्यूटनच्या मताप्रमाणे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम कितीही अंतरावर तत्क्षणी पोहोचतो. सूर्य अकस्मात नाहीसा झाला, तर पृथ्वीला ते त्याच क्षणी कळले पाहिजे. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने हे चित्र पालटले. अवकाश आणि काल मिळून बनलेल्या अवकाशकालाला वस्तुमानामुळे वक्रता येते, आणि प्रचंड वस्तुमाने वेगाने हलू लागली की त्या वक्रतेत उठलेला क्षोभ प्रकाशाच्या वेगाने सर्व दिशांना पसरत जातो. १९१६ मध्ये आइन्स्टाइनने मांडलेल्या या क्षोभालाच गुरुत्वीय लहर असे म्हणतात. ती ज्या प्रदेशातून जाते, तेथील दोन मुक्त वस्तूंमधील अंतर किंचित वाढते आणि किंचित घटते. येथे ‘किंचित’ या शब्दाचा अर्थ मात्र कल्पनेपलीकडचा आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ या वेधयंत्रांनी प्रथमच अशी लहर प्रत्यक्ष टिपली, तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता.

एवढ्या सूक्ष्म परिणामाच्या मागे लागणाऱ्यांना दोन धोके असतात. एक म्हणजे काहीच न आढळणे. आणि दुसरा, अधिक गंभीर धोका म्हणजे जे नाही तेच आढळल्यासारखे वाटणे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ वेबर यांनी १९६० नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमचे जड दंडगोल टांगून लहरींचा शोध आरंभिला आणि १९६९ मध्ये त्या आढळल्याचे जाहीर केले. इतर अनेक प्रयोगशाळांनी तशीच यंत्रे उभारली. परंतु कोणालाही त्या निष्कर्षाची पुष्टी करता आली नाही. वेबर यांनी या क्षेत्राला चालना दिली, हे त्यांचे ऋण सर्वमान्य आहे. तथापि, ‘ऐकू आले’ असे म्हणण्यापूर्वी किती खात्री करून घेतली पाहिजे, हा धडाही या प्रकरणानेच घालून दिला.

गुरुत्वीय लहरींनाही स्वरांप्रमाणे सप्तके असतात, असे म्हणावयास हरकत नाही. सूर्याच्या काही पट ते काही दशपट वस्तुमानाची कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना अखेरच्या क्षणी ज्या लहरी निघतात, त्यांची सेकंदाला दहापासून काही शेकडो आवर्तने होतात. ‘लायगो’ची यंत्रे याच सप्तकासाठी जुळविलेली आहेत. परंतु दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असणारी, सूर्याच्या लाखो पट वस्तुमानाची कृष्णविवरे जेव्हा एकमेकांभोवती फिरतात, तेव्हा त्यांचा स्वर अतिखर्जातला असतो. एका आवर्तनाला कित्येक मिनिटे, क्वचित तासही लागतात. हा खर्ज जमिनीवर ऐकता येत नाही. भूकंपलहरी, समुद्राच्या लाटांचे आघात, वाऱ्याने हलणारी हवा, रस्त्यांवरील वाहने या सर्वांचा गलबला त्या मंद कंपनांना गिळून टाकतो. शिवाय खर्जाला लांब तार हवी. चार किलोमीटरची तार त्याला पुरी पडत नाही.

मग लांब तार आणावयाची कोठून? १९६७ मध्ये ब्रागिन्स्की आणि गेर्त्सेन्श्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी सुचविले की, पृथ्वी आणि दूर गेलेले अवकाशयान ही दोन टोके मानावीत व त्यांच्यामधील रेडिओ-संकेत हीच तार समजावी. १९७५ मध्ये अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे फ्रँक एस्टाब्रुक आणि ह्यूगो वाल्क्विस्ट यांनी या कल्पनेचे संपूर्ण गणित मांडले. त्यासाठी नवे यान पाठविण्याची गरज नव्हती. गुरूकडे किंवा शनीकडे निघालेल्या यानांशी संपर्क ठेवावाच लागतो. त्याच संपर्काचा हा अधिक उपयोग होता.

ही पद्धत डॉप्लर परिणामावर आधारलेली आहे. स्थानकात न थांबता जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी गाडी जवळ येताना चढ्या स्वरात आणि दूर जाताना उतरत्या स्वरात ऐकू येते, हा नेहमीचा अनुभव आहे. रेडिओ-संकेताचेही तसेच होते. पृथ्वीवरील अँटेनामधून अत्यंत शुद्ध कंप्रतेचा, म्हणजे दर सेकंदाला ठरावीक आवर्तने होणारा, संकेत यानाकडे धाडला जातो. यान स्वतःचे घड्याळ वापरीत नाही. आलेल्या संकेताची कंप्रता एका निश्चित गुणोत्तराने बदलून ते तोच संकेत परत पाठविते. परत आलेल्या संकेताची मूळ संकेताशी तुलना केली की यान किती वेगाने दूर किंवा जवळ जात आहे ते कळते. ग्रहांचे आकर्षण, पृथ्वीचे परिवलन, यानाची कक्षा या सर्वांचे गणित करून तो भाग वजा केला म्हणजे जे शेष उरते, त्यात गुरुत्वीय लहरीचा ठसा शोधावयाचा असतो.

एस्टाब्रुक आणि वाल्क्विस्ट यांच्या गणितातील सर्वांत मोलाचा भाग या ठशाच्या आकृतीविषयीचा आहे. एखादी अल्पकाळ टिकणारी लहर सूर्यमालेतून जात असेल, तर नोंदीत तिच्या एक नव्हे, तीन खुणा उमटतात. लहर पृथ्वीवरून जाताना त्या क्षणी परत येत असलेल्या संकेतावर पहिली खूण पडते. लहर यानापाशी पोहोचते तेव्हा तेथून निघणाऱ्या संकेतावर दुसरी खूण उमटते, आणि ती पृथ्वीपर्यंतचा प्रवास करून मग दिसते. लहर पृथ्वीवर असताना येथून जो संकेत निघाला, तो यानापर्यंत जाऊन परत आल्यावर तिसरी खूण दिसते. पहिली आणि तिसरी यांत संकेताच्या जाण्यायेण्याच्या वेळेइतके अंतर असते, तर मधलीचे स्थान लहरीच्या दिशेवर अवलंबून असते. तिन्ही खुणांची बेरीज शून्य येते. म्हणूनच ज्या लहरीचे एक आवर्तन संकेताच्या जाण्यायेण्याच्या वेळेपेक्षा फारच दीर्घ असते, तिच्या खुणा परस्परांत मिसळून बहुतांशी नाहीशा होतात. यान जितके दूर, तितका अधिक खालचा खर्ज ऐकू येण्याची शक्यता, असा याचा अर्थ.

या आकृतीमुळे खरे-खोटे निवडण्याचे साधन हाती आले. पृथ्वीवरील घड्याळात क्षणभर गडबड झाली, तर तिची खूण दोनदा उमटते, आणि दुसऱ्या वेळी तिचे चिन्ह उलट असते. कारण ते घड्याळ जाणारा संकेत निर्माण करते आणि येणारा मोजतेही. अँटेनावरील हवेत बाष्पाचा लोट आला, तर त्याचीही खूण दोनदा उमटते, पण दोन्ही वेळा एकाच चिन्हाची. यान स्वतःच किंचित हिसकले, तर खूण एकदाच दिसते. तीन खुणांची ठरावीक मांडणी फक्त गुरुत्वीय लहरीचीच. चोराने वेश कितीही बदलला तरी त्याची पावले त्याला उघडी पाडतात, तसाच हा प्रकार होय.

कागदावरचे हे गणित प्रत्यक्षात आणताना मात्र अडचणींची रांगच उभी राहिली. पहिली अडचण घड्याळाची. तिच्यावर हायड्रोजन मेसर या घड्याळाने मात केली. हजार सेकंदांच्या अवधीत त्याच्या गतीत पडणारा फरक एकावर पंधरा शून्ये मांडून होणाऱ्या संख्येत सुमारे एक भाग इतकाच असतो. दुसरी अडचण सूर्याची. सूर्यापासून सतत वाहणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या प्रवाहाला सौर वारा म्हणतात. रेडिओ-संकेत या वाऱ्यातून जाताना डळमळतो. संकेताची कंप्रता दुप्पट केली तर हा उपद्रव एक-चतुर्थांश होतो. शिवाय पृथ्वीवरून पाहता यान सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, त्या काळात तो सर्वांत कमी असतो. तिसरी अडचण पृथ्वीच्या वातावरणातील बाष्पाची. येथे कंप्रता वाढवूनही लाभ होत नाही. बाष्प प्रत्यक्ष मोजूनच त्याचा परिणाम वजा करावा लागतो.

आरंभीचे प्रयत्न ‘पायोनियर’ आणि ‘व्हॉयेजर’ यानांच्या साहाय्याने झाले. १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘गॅलिलिओ’, ‘मार्स ऑब्झर्व्हर’ आणि ‘युलिसिस’ या तीन यानांचा एकाच वेळी मागोवा घेण्यात आला. तीन यानांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात, हा त्यातला लाभ होता. परंतु ही याने या कामासाठी बांधलेली नव्हती. ‘गॅलिलिओ’ची मोठी अँटेना तर १९९१ मध्ये उघडलीच नव्हती, त्यामुळे त्याच्याशी होणारा संपर्क खालच्या कंप्रतेवरच चाले. मिळालेल्या नोंदींत लहरीचा ठसा नव्हता.

‘कॅसिनी’ची गोष्ट निराळी होती. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघालेल्या या यानावर ३२ अब्ज आवर्तनांच्या आसपासच्या उच्च कंप्रतेने संकेत घेण्याची व परत पाठविण्याची खास सोय करण्यात आली. त्याच्या जोडीला ८ अब्ज आवर्तनांचा नेहमीचा संकेतही चालू ठेवावयाचा होता. दोन्हींची तुलना केली की सौर वाऱ्याचा परिणाम जवळजवळ पूर्णपणे वेगळा काढता येतो. पृथ्वीवर कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील ३४ मीटर व्यासाची एक अँटेना या कामासाठी सज्ज केली गेली, आणि तिच्या शेजारी आकाशातील नेमक्या त्याच दिशेचे बाष्प मोजणारी उपकरणे बसविण्यात आली. अमेरिकेचे जॉन आर्मस्ट्राँग आणि इटलीचे ब्रूनो बेर्तोत्ती, लुचानो येस, पाओलो तोर्तोरा हे या प्रयोगातील प्रमुख शास्त्रज्ञ.

२००१ च्या अखेरीस यान पृथ्वीपासून ८० कोटी किलोमीटरांहून अधिक दूर होते. संकेताला जाऊन येण्यास दीड तासाहून जास्त वेळ लागे. रोज यान गोल्डस्टोनच्या क्षितिजावर आले की कामाला आरंभ होई आणि ते मावळेपर्यंत नोंदी चालत. यानाची दिशा इंधनाच्या फवाऱ्यांऐवजी फिरत्या चक्रांच्या साहाय्याने राखली जात असे, कारण फवाऱ्याच्या हिसक्यानेही नोंद बिघडली असती. या साऱ्या दक्षतेचे फळ असे मिळाले की, हजार सेकंदांच्या अवधीतील अस्थिरता एकावर पंधरा शून्यांच्या संख्येत सुमारे तीन भाग इतकी खाली आली. वेगाच्या भाषेत सांगावयाचे तर ८० कोटी किलोमीटरांवरचे यान तासाला अवघे दीड मिलिमीटर या वेगाने जरी हलले असते, तरी ते लक्षात आले असते. पुढे आणखी घट होईना, तेव्हा तपासाअंती असे दिसून आले की, उरलेल्या उपद्रवाचा मोठा भाग अँटेनाच्या प्रचंड लोखंडी सांगाड्याच्या हेलकाव्यांतून येतो. २००२ च्या अखेरीस पुन्हा एकदा असाच शोध घेण्यात आला. त्याही वेळी तीन खुणांची आकृती आढळली नाही.

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे वळणे उचित ठरेल. लहर सापडली नाही. मग सापडले काय?

पहिली प्राप्ती म्हणजे एक सीमा. विहिरीत दोर सोडून शंभर हातांपर्यंत पाणी लागले नाही, तर विहीर कोरडी आहे असे ठरत नाही. परंतु शंभर हातांपर्यंत पाणी नाही, एवढे निश्चित ठरते. पुढे येणाऱ्याला त्याहून लांब दोर आणावयाचा, हे कळते. ‘कॅसिनी’च्या नोंदींवरून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने विश्वातील गुरुत्वीय लहरींचा सर्वसाधारण कल्लोळ त्या सप्तकात जास्तीत जास्त किती असू शकेल, याची मर्यादा आखून दिली. त्या मर्यादेपलीकडचे भाकीत करणारी कोणतीही उपपत्ती आता मोजमापाला सामोरी गेल्यावाचून उभी राहू शकत नाही.

दुसरी प्राप्ती अधिक प्रसिद्ध आहे. २००२ च्या जून-जुलैमध्ये पृथ्वीवरून पाहता ‘कॅसिनी’ सूर्याच्या पलीकडे गेले, आणि त्याचे संकेत सूर्याच्या अगदी जवळून येऊ लागले. सूर्याजवळील वक्र अवकाशकालातून जाताना संकेताला किती विलंब व्हावा हे आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो. लहरींसाठी सिद्ध केलेल्या त्याच यंत्रणेने हा परिणाम मोजला आणि तो सिद्धांताशी एक लाखात सुमारे दोन भाग इतक्या अचूकतेने जुळला. बेर्तोत्ती, येस आणि तोर्तोरा यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे फलित प्रसिद्ध केले. सौर वाऱ्याला दूर सारण्याची जी विद्या लहरींच्या शोधासाठी साधली गेली, तिच्यावाचून सूर्याच्या इतक्या सन्निध हे मोजमाप शक्यच नव्हते.

तिसरी प्राप्ती भविष्यकाळासाठी आहे. खर्जातील लहरी ऐकण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेने ‘लिसा’ हा प्रकल्प योजिला असून जानेवारी २०२४ मध्ये त्याला अंतिम मान्यता मिळाली. एकमेकांपासून सुमारे २५ लाख किलोमीटर अंतर राखून तीन याने सूर्याभोवती फिरतील आणि त्यांच्यामध्ये लेसर किरणांची देवाणघेवाण होईल. परंतु या त्रिकोणाच्या भुजा कधीच समान राहणार नाहीत, आणि भुजा असमान असल्या की लेसरच्या कंप्रतेतील चढउतार सर्व नोंदी झाकोळून टाकतात. या संकटावरचा उपाय १९९९ मध्ये आर्मस्ट्राँग, एस्टाब्रुक आणि मासिमो तिंतो यांनी सुचविला. घड्याळाची गडबड नोंदीत केव्हा व कोणत्या चिन्हाने पुन्हा उमटते, हे यानांच्या डॉप्लर-मोजमापात वर्षानुवर्षे पाहिलेल्यांचीच ही दृष्टी होती. वेगवेगळ्या वेळच्या नोंदी योग्य विलंबाने एकत्र केल्या की लेसरची गडबड स्वतःलाच खोडून काढते. आज ‘लिसा’चे सारे गणित याच युक्तीवर उभे आहे.

या विषयाचे भारताशी, आणि मराठी मुलखाशीही, नाते आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या ‘स्कियापरेली’ या युरोपीय यानाचा क्षीण संकेत ऐकला. उतरण्याच्या काही क्षण आधी तो थांबला, आणि ते यान मंगळावर आदळल्याचे पुढे निष्पन्न झाले. याच दुर्बिणीने घेतलेल्या स्पंदक ताऱ्यांच्या नोंदी, अन्य देशांतील दुर्बिणींच्या नोंदींसह, जून २०२३ मध्ये एका मोठ्या घोषणेस कारणीभूत झाल्या. ज्या लहरींच्या एका आवर्तनाला कित्येक वर्षे लागतात, अशा अतिमंद लहरींच्या अस्तित्वाचे पुरावे त्यांत मिळाले. तेथे यानाची जागा स्पंदकांनी घेतली होती, इतकेच. पृथ्वी आणि दूरचे घड्याळ यांमधील संकेत तपासण्याचे तत्त्व तेच. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. पुण्याची ‘आयुका’, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या संस्था त्या कार्यात सहभागी आहेत. ज्योतिर्लिंगासाठी सर्वपरिचित असलेल्या या गावाचे नाव यापुढे कृष्णविवरांच्या संदर्भातही घेतले जाईल.

‘कॅसिनी’ यान १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात शिरून भस्मसात झाले. त्याने जी लहर शोधली ती त्याला गवसली नाही. ‘लिसा’ला ती गवसेल अशी आशा आहे. तसे घडेल तेव्हा त्या यशाच्या पाठीशी गोल्डस्टोनच्या त्या चाळीस दिवसांच्या नोंदीही असतील. काहीच आढळले नाही म्हणून त्या टाकून दिल्या गेल्या नाहीत. घड्याळ किती चुकले, बाष्प किती होते, अँटेना किती हलली याच्या तपशिलासह त्या जतन झाल्या, आणि त्यांतील प्रत्येक त्रुटी पुढच्यांच्या उपयोगी पडली.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे वेगळे सांगावयास नको. कपाटातील कित्येक ग्रंथ वर्षानुवर्षे कोणी मागत नाही. तरीही त्यांची नोंदवहीत नोंद असते, त्यांना वाळवी लागू नये म्हणून काळजी घेतली जाते, फाटलेली पाने चिकटविली जातात. पुढे केव्हा तरी एखादा अभ्यासक येतो आणि नेमका तोच ग्रंथ मागतो. शंभर वर्षे ज्यांनी ही नोंदवही चालविली, त्यांच्या कार्याचे मोल अशा एका मागणीच्या दिवशी कळते. विज्ञानातील प्रामाणिक ‘नाही’ची किंमतही तशीच, पुढे येणाऱ्याच्या हाती ती नोंद पडते तेव्हा, ध्यानात येते.